परवान्याची कामे: नागपुरात दुर्लक्षित व्यवसाय कसा निवडावा आणि कसा शिकावा

बुटीबोरीतल्या एखाद्या कारखान्याला बॉयलर पेटवायचा असेल, तर इंधन, पाणी आणि पैसा एवढ्यावर भागत नाही. त्या पाळीवर सक्षमतेचे प्रमाणपत्र असलेला माणूस हजर असावा लागतो. उमरेड किंवा सावनेरच्या कोळसा खाणीत सरदाराने, म्हणजे टोळीच्या सुरक्षिततेची जबाबदारी असलेल्या पर्यवेक्षकाने, जागा तपासून ती सुरक्षित असल्याचे सांगितल्याशिवाय मजुरांची टोळी कामाला लागत नाही. इमारत कितीही भव्य असली, तरी तिच्यातील आगप्रतिबंधक यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून दर सहा महिन्यांनी घ्यावेच लागते. ही कामे करणारी माणसे शहराला रोज लागतात, पण दहावी-बारावीच्या निकालानंतर घरात जी चर्चा होते तीत त्यांचे नाव निघत नाही.

मी अनेक वर्षे औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत (आयटीआयमध्ये) संधाता, म्हणजे वेल्डर, या व्यवसायाचा शिल्पनिदेशक, म्हणजे शिक्षक, होतो. प्रवेशाच्या दिवसांत पालक येत आणि बहुतेकांचा प्रश्न एकच असे: "वीजतंत्रीला नंबर लागेल का?" वीजतंत्री, म्हणजे इलेक्ट्रिशियन, हा उत्तम व्यवसाय आहे, याबद्दल वाद नाही. परंतु सगळ्यांनी एकाच दारावर गर्दी केली आणि शेजारची दारे उघडी असूनही तिकडे कोणी पाहिले नाही, याची खंत मला तेव्हाही होती आणि आजही आहे. म्हणून ती शेजारची दारे कोणती, ती कशी ओळखावीत आणि आत कसे जावे, हे येथे क्रमाने सांगतो.

आधी कसोटी, मग व्यवसाय

व्यवसायाचे नाव ऐकून निर्णय घेऊ नये. प्रत्येक कामाला तीन प्रश्न विचारावेत. पहिला, हे काम करण्यासाठी कायद्याने प्रमाणपत्र किंवा परवाना आवश्यक आहे काय? तसा असेल तर मंदीच्या काळातही मालकाला त्या माणसाला सहजासहजी घरी पाठवता येत नाही. दुसरा, हे काम जागेवरच करावे लागते काय? सीताबर्डीची लिफ्ट सीताबर्डीतच दुरुस्त करावी लागते, ती दुसऱ्या गावाहून दुरुस्त होऊन येत नाही. तिसरा, या कामात पाच वर्षांचा आणि पंधरा वर्षांचा अनुभव यांत फरक पडतो काय? जेथे सहा महिन्यांत सगळे शिकून होते, तेथे मजुरीही सहा महिन्यांनंतर जागीच थांबते.

तिन्ही प्रश्नांची उत्तरे होकारार्थी आली, तर ते काम शिकण्यासारखे आहे असे समजावे. त्यानंतर प्रत्यक्ष पाहणी करावी. हिंगणा, बुटीबोरी किंवा कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीत पाळी बदलण्याच्या वेळी दोन-तीन दिवस जाऊन यावे, फाटकावरच्या "पाहिजेत" पाट्या वाचाव्यात आणि जमल्यास देखभाल विभागातील एखाद्या ज्येष्ठ माणसाला इतकेच विचारावे: "तुमच्याकडचा कोणता माणूस उद्या आला नाही, तर काम थांबेल?" या प्रश्नाला मिळणारे उत्तर कोणत्याही मार्गदर्शन मेळाव्यापेक्षा अधिक उपयोगी पडते, असा माझा अनुभव आहे.

वेल्डिंग: जाळी-गेटच्या पलीकडे

वेल्डर म्हटले की खिडकीच्या जाळ्या आणि लोखंडी गेट करणारा कारागीर डोळ्यांसमोर येतो. ते काम प्रामाणिकच आहे, पण ती या व्यवसायाची पहिली पायरी आहे. नागपूरच्या परिसरात कोराडी आणि खापरखेडा येथे महानिर्मितीची औष्णिक केंद्रे आहेत, मौद्याला एनटीपीसीचे २,३२० मेगावॅटचे केंद्र आहे. या केंद्रांतील बॉयलरच्या नळ्या प्रचंड दाबाची आणि तापमानाची वाफ वाहून नेतात. दुरुस्तीसाठी संच बंद ठेवला जातो तेव्हा त्या नळ्यांचे सांधे करण्यासाठी जो वेल्डर लागतो, त्याची भारतीय बॉयलर विनियमांनुसार परीक्षा झालेली असावी लागते आणि ते प्रमाणपत्र कायमचे नसते, ठरावीक मुदतीनंतर कौशल्य पुन्हा सिद्ध करावे लागते.

तेथवर पोहोचायचे कसे, हे नीट समजून घ्यावे. एक वर्षाचा संधाता अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर बहुतेक मुलांना सपाट ठेवलेल्या पत्र्यावर सरळ रेघ ओढता येते. पुढचा प्रवास स्थितींचा आहे: सपाट, आडवी, उभी आणि डोक्यावरची. नळीच्या बाबतीत सर्वांत कठीण परीक्षा सहा-जी ही मानली जाते; तीत नळी ४५ अंशांच्या कोनात पक्की बसवलेली असते, ती फिरवता येत नाही, त्यामुळे एकाच सांध्यात वेल्डरला सगळ्या स्थितींतून हात न्यावा लागतो. पहिला थर सहसा आरगॉन वायूच्या आवरणाखाली टिग पद्धतीने दिला जातो आणि वरचे थर कमी हायड्रोजनच्या रॉडने भरले जातात. हे रॉड ओव्हनमध्ये तापवून कोरडे ठेवावे लागतात, कारण ओलाव्यातून आलेला हायड्रोजन सांध्यात शिरला की थंड झाल्यावर तडा जाऊ शकतो. सांधा बाहेरून कितीही देखणा दिसला तरी क्ष-किरण तपासणीत आतला दोष उघडा पडतो. माझे विद्यार्थी पहिल्यांदा आपल्या सांध्याची फिल्म पाहत, तेव्हा त्यांचे चेहरे उतरत. जे त्यानंतरही रोज नळीचे दोन तुकडे घेऊन बसत, तेच पुढे गेले.

म्हणून वेल्डिंग शिकणाऱ्याने संस्थेत रॉडचा हिशेब मागावा, असे मी नेहमी सांगतो. प्रत्येक विद्यार्थ्याला आठवड्याला किती रॉड जाळायला मिळतात, यावर तो वर्षाअखेरीस काय होईल हे ठरते. यंत्रे चकचकीत असून उपयोग नाही. डोळ्यांची आणि फुप्फुसांची काळजी पहिल्या दिवसापासून घ्यावी. योग्य क्रमांकाची काच, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, चामड्याचे हातमोजे आणि हवा खेळती असलेली जागा यांपैकी एक जरी गोष्ट नसेल, तर ते काम त्या दिवशी नाकारावे.

बॉयलर आणि खाण

बॉयलर अटेंडंटचे काम फारच थोड्यांना माहीत असते. कापड, औषधे, खाद्यपदार्थ आणि रसायने बनवणाऱ्या कारखान्यांत तसेच मोठ्या रुग्णालयांच्या धुलाईघरांतही वाफ लागते. २०११ च्या केंद्रीय नियमांनुसार या कामासाठी द्वितीय आणि प्रथम अशा दोन श्रेणींची सक्षमता प्रमाणपत्रे आहेत. राज्यात परीक्षेची व्यवस्था बाष्पके संचालनालयाकडे आहे. १९२३ चा जुना बॉयलर कायदा जाऊन २०२५ चा नवा कायदा आला असला, तरी प्रमाणपत्रधारक माणसाची गरज कायम आहे. रीत अशी की, आधी एखाद्या बॉयलरवर मदतनीस म्हणून लागावे आणि कामाच्या अनुभवाचा दाखला मालकाकडून व्यवस्थित, तारखांसह आणि बॉयलरच्या नोंदणी क्रमांकासह घ्यावा, कारण परीक्षेच्या अर्जासोबत अनुभवच पाहिला जातो. परीक्षेच्या तयारीत पाण्याची पातळी दाखवणारी काच, सुरक्षा झडप आणि पाणी भरणारा पंप यांचे काम तोंडपाठ नव्हे, तर हातपाठ असावे. पाण्याची पातळी काचेतून दिसेनाशी झाली असता घाईने थंड पाणी सोडू नये, आधी आग बंद करावी, हे ज्याला झोपेतही आठवते तो या कामाला योग्य आहे.

खाणीचे क्षेत्र नागपूरकरांना जवळ असूनही दूर वाटते. वेस्टर्न कोलफील्ड्स आणि मॅंगनीज काढणारी मॉईल या दोन्ही सरकारी कंपन्यांची मुख्यालये याच शहरात आहेत, भारतीय खाण ब्युरोचे मुख्यालयही येथेच आहे. कोळसा खाणीत सरदार आणि त्याच्या वरचा ओव्हरमन, धातूच्या खाणीत मेट, फोरमन आणि ब्लास्टर, भूमिगत खाणीत पिंजरा वर-खाली करणाऱ्या वाइंडिंग इंजिनाचा चालक, ही सगळी पदे वैधानिक आहेत, म्हणजे त्यांना खाण सुरक्षा महासंचालनालयाचे प्रमाणपत्र लागते. सरदार आणि ओव्हरमन यांना त्याशिवाय वायू तपासणीचे आणि प्रथमोपचाराचे प्रमाणपत्रही असावे लागते. खाणकामाची पदविका घेऊन ओव्हरमनची वाट धरणे अधिक सरळ आहे. २०१९ पासून महिलांनाही ठरावीक अटींवर भूमिगत खाणीत तांत्रिक कामे करण्याची मुभा आहे, हे मुलींच्या पालकांनी लक्षात घ्यावे. जमिनीखालचे काम प्रत्येकाला मानवत नाही. बंद जागेची भीती असणाऱ्याने स्वतःशी प्रामाणिक राहून ही वाट सोडावी, त्यात काहीही कमीपणा नाही.

वीज, गारवा, लिफ्ट आणि आग

वीजतंत्री आणि तारतंत्री (वायरमन) या व्यवसायांत गर्दी असली, तरी परवाना घेणाऱ्यांची संख्या त्या मानाने कमी राहते, कारण अनेक जण संस्थेचे प्रमाणपत्र हाती पडले की थांबतात. वीजसुरक्षेच्या २०२३ च्या केंद्रीय नियमांनुसार विद्युत संचमांडणीचे काम परवानाधारक कंत्राटदाराकडून, प्रमाणपत्रधारक पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली आणि परवाना असलेल्या तारतंत्रीने करणे अपेक्षित आहे. म्हणजे तारतंत्री, पर्यवेक्षक आणि कंत्राटदार अशी तीन पायऱ्यांची शिडी येथे तयारच आहे. तीवर चढण्यासाठी विद्युत निरीक्षकाच्या कार्यालयात वेळेवर अर्ज करणे एवढेच बहुतेकांकडून राहून जाते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत देशातील एक कोटी घरांच्या छतांवर सौर पॅनेल बसवण्याचे उद्दिष्ट आहे. पॅनेल उचलून बसवणारे हात पुष्कळ मिळतात. पण अर्थिंग नीट करणारा, एकदिश (डीसी) प्रवाहाच्या जोडण्यांतून ठिणगी उडणार नाही अशी खबरदारी घेणारा आणि घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणाऱ्या नेट मीटरची कागदपत्रे पुरी करणारा माणूस शोधावा लागतो.

वातानुकूलन आणि प्रशीतन यंत्रांच्या मेकॅनिकची गरज नागपुरात वेगळी सांगायला नको. २३ मे २०१३ रोजी या शहरात ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले होते, आणि उन्हाळ्यात कारागिराची वाट पाहत बसणे हा येथील घराघरांचा अनुभव आहे. हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. शिकताना केवळ "गॅस भरणे" शिकू नये. तांब्याच्या नळीचे तोंड नीट फुलवणे, नायट्रोजनच्या दाबाने गळती शोधणे, व्हॅक्यूम पंपाने नळीतील हवा आणि ओलावा पूर्ण काढणे आणि त्यानंतर वजन करूनच वायू भरणे, या क्रमात जो टाळाटाळ करतो त्याचे यंत्र पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा बंद पडते. आर-२२ हा जुना वायू २०३० पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद होत आहे, आणि त्याच्या जागी आलेल्या वायूंपैकी आर-३२ हा सौम्य ज्वलनशील आहे. त्यामुळे जुन्या सवयीने विस्तव जवळ घेऊन काम करणारा कारागीर यापुढे धोकादायक ठरेल. हिवाळ्यात काम कमी होते, हे मात्र खरे. त्या महिन्यांसाठी शीतगृहे, औषधांची गोदामे आणि रुग्णालये यांच्या देखभालीचे वार्षिक करार मिळवण्याचा प्रयत्न करावा.

लिफ्टविषयी थोडक्यात सांगतो. मार्च २०१९ मध्ये नागपूर मेट्रो सुरू झाली आणि स्थानकांसोबत लिफ्ट व सरकते जिने आले. उंच इमारती वाढत आहेतच. राज्याने २०१७ साली यासाठी स्वतंत्र कायदा केला. लिफ्ट आणि सरकत्या जिन्यांच्या मेकॅनिकचा दोन वर्षांचा व्यवसाय अभ्यासक्रम आहे, पण तो प्रत्येक संस्थेत नसतो. तो न मिळाल्यास वीजतंत्री होऊन लिफ्ट कंपनीत शिकाऊ उमेदवारी (अप्रेंटिसशिप) करणे हा चांगला पर्याय आहे.

अग्निसुरक्षेच्या बाबतीत नागपूरचे भाग्य मोठे आहे. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५७ पासून याच शहरात आहे आणि देशभरातून लोक येथे शिकायला येतात. आपल्याकडच्या मुलांना मात्र अनेकदा त्याचा पत्ताही ठाऊक नसतो. अग्निशमन दलातील भरती हा एक मार्ग झाला. दुसरा मार्ग देखभालीचा आहे: राज्याच्या २००६ च्या आगप्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीच्या मालकाने किंवा भोगवटादाराने दर जानेवारीत आणि जुलैत नमुना "ब" मधील प्रमाणपत्र सादर करायचे असते. ते देणाऱ्या परवानाधारक संस्थांना पंप, स्प्रिंकलर, धूरशोधक आणि अलार्म यांची चाचणी घेऊ शकणारे तंत्रज्ञ वर्षभर हवे असतात.

हातात अवजार नको असेल तर

प्रत्येकाचा कल यंत्रांकडे असतोच असे नाही. ज्यांना कागद, भाषा किंवा माणसांची सेवा जवळची वाटते, त्यांच्यासाठीही दुर्लक्षित वाटा आहेत.

भूमापक, म्हणजे सर्व्हेअर, हा दोन वर्षांचा व्यवसाय त्यांपैकी एक आहे. शेतीची हद्द कायम करणे, पोटहिश्श्यांची मोजणी, रस्त्यांची आखणी, खाणींचे नकाशे, या सगळ्याला तोच लागतो. भूमी अभिलेख विभागातील भूकरमापक पदासाठी स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका नसली, तरी दहावीनंतर सर्व्हेअरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम केलेला उमेदवार पात्र ठरत आला आहे. सोबत मराठी आणि इंग्रजी टंकलेखनाची प्रमाणपत्रेही असावी लागतात, आणि नेमके तेथेच अनेकांचे अडते. म्हणून टंकलेखन पहिल्याच वर्षी उरकून घ्यावे.

मराठी लघुलेखनाची, म्हणजे शॉर्टहँडची, दशा पाहून मला विशेष वाईट वाटते. येथे उच्च न्यायालयाचे खंडपीठ आहे, जिल्हा न्यायालय आहे, विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन येथे भरते आणि सभागृहातील शब्द न शब्द प्रतिवेदक टिपून घेतात. राज्य शासनाच्या सेवेत लघुटंकलेखकाला मिनिटाला ८०, निम्नश्रेणी लघुलेखकाला १०० आणि उच्चश्रेणी लघुलेखकाला १२० शब्दांचा वेग लागतो. ज्यांनी स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांत वर्षे घालवली आहेत आणि ज्यांचे मराठी उत्तम आहे, त्यांनी या वाटेचा गंभीरपणे विचार करावा. पदवी वाया जात नाही आणि वेग हा नशिबावर नव्हे, रोजच्या दोन तासांच्या सरावावर अवलंबून असतो. चिन्हे काही महिन्यांत शिकून होतात, पण ८० वरून १०० वर जाताना हात अडखळतो आणि बहुतेक जण तेथेच सोडून देतात. त्या टप्प्यावर रोज नवा उतारा घेण्याऐवजी एकच उतारा वाढत्या वेगाने दहा वेळा घ्यावा आणि टिपलेले लगेच वाचून पाहावे.

रुग्णसेवेत डायलिसिस तंत्रज्ञाचे उदाहरण घ्यावे. मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णाला सहसा आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास यंत्रावर राहावे लागते. एक यंत्र दिवसाला तीन पाळ्यांत चालवले तरी ते जेमतेम सहा रुग्णांना पुरते, आणि यंत्र वाढले की तंत्रज्ञ वाढवावाच लागतो. नागपुरात विदर्भासह मध्य प्रदेश व छत्तीसगडमधूनही रुग्ण येतात, त्यामुळे ही गरज ओसरण्यासारखी नाही. येथे सावधगिरी एकाच गोष्टीची: गल्लोगल्ली निघालेल्या पॅरामेडिकल वर्गांत पैसे भरण्यापूर्वी तो अभ्यासक्रम कोणत्या विद्यापीठाचा किंवा मंडळाचा आहे आणि त्यानंतर पॅरामेडिकल परिषदेकडे नोंदणी होते काय, हे लेखी विचारावे. माझ्या ओळखीतील एका मुलीने असेच एक वर्ष आणि आईचे दागिने गमावले. प्रमाणपत्र होते, पण कोणतेही रुग्णालय ते मान्य करायला तयार नव्हते.

प्रवेश आणि शिकाऊ उमेदवारी

राज्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचे प्रवेश व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने, दहावीच्या निकालानंतर होतात. नागपूरची शासकीय संस्था श्रद्धानंदपेठेत आहे, मुलींसाठी स्वतंत्र शासकीय संस्थाही आहे आणि तालुक्यांच्या ठिकाणीही संस्था आहेत. वेल्डर, तारतंत्री अशा काही व्यवसायांना दहावी नापास उमेदवारही पात्र असतो. विकल्प भरताना पहिल्या दोन-तीन जागी सर्वांना हवे असलेले व्यवसाय टाकले तरी हरकत नाही, परंतु खाली सर्व्हेअर, प्रशीतन, संधाता, नळ कारागीर अशी नावे विचारपूर्वक लिहावीत. रिकामा विकल्प हा वाया गेलेला विकल्प असतो. खाजगी संस्था निवडायची असल्यास राष्ट्रीय संलग्नता, म्हणजे राष्ट्रीय परिषदेची मान्यता, त्या व्यवसायाला आणि त्या तुकडीला आहे काय, हे पाहावे. संस्थेला मान्यता असून एखाद्या तुकडीला नाही, असे घडते.

अभ्यासक्रम संपल्यावर थेट नोकरी शोधण्यापेक्षा शिकाऊ उमेदवारी करावी, असा माझा आग्रह आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखालील नियमांत २०१९ साली केलेल्या बदलांनुसार ३० किंवा अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनेने एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के इतके शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. म्हणजे हिंगणा आणि बुटीबोरीतल्या बहुतेक मध्यम कारखान्यांचे दार कायद्यानेच उघडे आहे. केंद्र सरकारच्या शिकाऊ उमेदवारीच्या पोर्टलवर नोंदणी करावी आणि प्रशिक्षण संस्थेतील मूलभूत प्रशिक्षण केंद्रात चौकशी करावी. अजनीचे विद्युत इंजिन शेड आणि मोतीबागचा कारखाना यांमुळे रेल्वेतही ही वाट आहे. तेथे उमेदवारी पूर्ण केलेल्यांसाठी रेल्वेच्या सर्वांत खालच्या स्तरावरील थेट भरतीत २० टक्के जागा राखून ठेवल्या जातात. विद्यावेतन पगारापेक्षा कमी असते, यावरून घरात कुरबूर होते. परंतु त्या काळात मोठी यंत्रे हाताळायला मिळतात आणि शेवटी राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळते.

पुढे शिकायचे असल्यास दोन वर्षांचा व्यवसाय अभ्यासक्रम केलेल्यांना तंत्रनिकेतनात पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. शिकवण्याची आवड असेल, तर शिल्पनिदेशकाचे एक वर्षाचे प्रशिक्षण आहे. चांगल्या निदेशकांची उणीव मी स्वतः पाहिलेली आहे.

ज्यांनी वडिलांकडून किंवा उस्तादाकडून काम शिकले आहे आणि ज्यांच्याकडे एकही कागद नाही, त्यांनी पूर्वज्ञानाला मान्यता देणाऱ्या चाचणीची माहिती घ्यावी. सुतार, लोहार, गवंडी, कुंभार यांसह १८ पारंपरिक व्यवसायांसाठी सप्टेंबर २०२३ पासून पीएम विश्वकर्मा योजना आहे. तीत प्रशिक्षणाच्या दिवसांत रोज ५०० रुपये आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते.

पहिल्या नोकरीची कागदपत्रे

यांतील बरीच कामे पहिल्यांदा कंत्राटदारामार्फत मिळतात. कामावर रुजू होताना भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक आणि कर्मचारी राज्य विमा पत्र मागावे आणि दोन महिन्यांनी रक्कम खरोखर जमा होते काय हे स्वतः तपासावे. वेतनचिठ्ठी रोखीच्या पगारावरही मागावी. उंचीवर, वाफेजवळ किंवा जिवंत तारेवर काम करण्यापूर्वी लेखी परवानगी पत्र असते, ते पाहिल्याशिवाय हात लावू नये; मुकादमाने घाई केली तरी नाही.

याशिवाय एक जाड वही ठेवावी. कोणत्या तारखेला कोणत्या यंत्रावर काय काम केले, कोणाच्या हाताखाली केले आणि काय बिघडले होते, हे रोज चार ओळींत लिहावे आणि महिन्याअखेरीस पर्यवेक्षकाची सही घ्यावी. बॉयलरची परीक्षा असो, खाणीचे प्रमाणपत्र असो की विद्युत पर्यवेक्षकाचा परवाना, अर्जात अनुभवाचा तपशील विचारला जातो, तेव्हा कंपनी बंद पडलेली असते, कंत्राटदार गाव सोडून गेलेला असतो, आणि सहीची ती वही घरात असलेल्याचा अर्ज त्याच आठवड्यात भरून होतो.